बंकट मामा, सोळा कॉम्प्युटर अन् अडून बसलेलं एक पॅकेज

हे मी लिहिणारच नव्हते. आमच्या कॉलेजच्या मासिकात काय असतं ते सगळ्यांना माहीत आहे. पहिली चार पानं संस्थेच्या लोकांचे फोटो, मग 'पाणी वाचवा'वर कविता, मग 'आई'वर कविता, मग परत 'आई'वर कविता, कारण दोघींनी दिलेली असती अन् कुणाचीच परत करता येत नाही. त्यात बंकट मामांना कुठं बसवणार? मामांना विचारलं तर म्हणले, "माझ्यावर लिहिलंस तर लॅबात पाय ठेवू देणार न्हाई." मी सोडून दिलतं. पण परवा आम्रपाली म्हणली, तू लिही, नाहीतर मी लिहिते. ती लिहायला बसली तर नुसत्या आकृत्या काढील अन् खाली टीपा देईल. म्हणून मीच बसले. चुका असतील तर असू द्या, मी परत वाचणार नाही.

बंकट मामा म्हणजे आमचे लॅबवाले मामा. आमचं कॉलेज सिरसाळ्याहून तेलगावकडं जाताना लागतं, तिथं तळमजल्यावर शेवटचं दार कॉम्प्युटर लॅबचं. कागदावर मामांचं पद 'प्रयोगशाळा परिचर'. अंगावर एकच राखाडी सफारी, खिशात पेचकस. लॅबात चपला काढूनच यायचं हा त्यांचा नियम, अन् तो प्राचार्यांनाही. एकदा प्राचार्य बुटासकट आत आले तर मामा म्हणले, "सर, देवळात काढता ना? तिथं तर करंटबी न्हाई." प्राचार्यांनी गुमान काढले. मोजा फाटका होता, ते आम्ही सगळ्यांनी बघितलं.

लॅबात सोळा कॉम्प्युटर आहेत. सोळाही दुसऱ्यांनी टाकून दिलेले, मामांनी उघडून, पुसून, एकाचं काळीज दुसऱ्यात घालून उभे केलेले. सगळे लिनक्सवर, कारण दुसरी कुठली सिस्टीम ह्या मशीनवर घातली की ती दारातच बसकण मारती. मामा लिनक्स कुठल्या कोर्सात शिकले नाहीत. दहावी झाली की ऊसतोडीला गेलते. टोळीत लिहिता येणारे हे एकटे, म्हणून पंधरा वर्षं टोळीची यादी ह्यांच्याकडं. कोण कुणाबरोबर जाणार, कोण कुणाबरोबर मेलं तरी जाणार नाही, सगळं मामांच्या वहीत. नंतर कॉलेजात शिपाई म्हणून लागले, लॅब झाडायचं काम मिळालं, अन् झाडता झाडता शिकले. एवढंच सांगतात. जास्त विचारलं की म्हणतात, "कावून? माझी सोयरीक जुळवायची का?"

आता तीन वाजताच्या वर्गाचं सांगते, कारण सगळं त्याच्यासाठीच झालं. दिवाळीनंतर आमच्याकडच्या वस्त्या खाली होतात, आईबाप कारखान्यावर जातात. मागं म्हाताऱ्या राहतात अन् पोरी राहतात. दहावी झालेल्या, मध्येच शाळा सुटलेल्या, घरात बसवून ठेवलेल्या. त्या पोरींना मामा रोज तीन ते साडेचार मराठी टायपिंग शिकवतात. एकतीस पोरी, एका मशीनवर दोघी. जी एकटी बसती तिच्यावर बाकीच्या जळतात. ह्या वर्गाचा कॉलेजच्या दप्तरी कुठंच कागद नाही. प्राचार्यांना माहीत आहे, पण विचारलं तर माहीत नाही.

शिकवायला एक प्रोग्राम होता, त्याचं नाव 'बोटं'. आठ वर्षांपूर्वी अंगद नावाच्या विद्यार्थ्यानं मामांच्या सांगण्यावरून बनवलेला. पोरगी पहिल्या दिवशी बसली की प्रोग्राम विचारणार, तुझं नाव काय, गाव काय, आईचं नाव काय. अन् तिचे सगळे धडे त्याच्यातूनच बनणार. ती उठायच्या आत स्वतःचं नाव टाइप करून उठणार. मामा म्हणतात, "कमळ, बदक, छत्री टाइप करायला लावलं की दुसऱ्या दिवशी येत न्हाईत. स्वताचं नाव आलं की येतेत."

तर जानेवारीत एका सोमवारी बद्रीनाथ सर आले. सर आमचे विभागप्रमुख. एरवी दारातूनच बोलून जातात. त्या दिवशी चपला काढून आत आले तेव्हाच मला कळलं, बातमी वाईट आहे.

"बंकटराव, शुक्रवारी तपासणी समिती येतीय."

"येऊ द्या की. चहा पाजू."

"परीक्षेचं नवीन सॉफ्टवेअर आलंय. ते आपल्या जुन्या सिस्टीमवर चालत नाही. सगळी मशीन नव्या आवृत्तीवर पाहिजेत. सोळाच्या सोळा. पंधरा चालणार नाहीत."

"अन् न्हाई झालं तर?"

सरांनी घसा साफ केला. "तर परीक्षा केंद्र परळीला जाईल. संस्थेचे सचिव म्हणतात, केंद्र गेलं तर लॅब ठेवून काय करायची? खोली मोठी आहे, कोरडी आहे, सिमेंटची पोती ठेवायला बरी."

मामांनी घड्याळाकडं बघितलं. पावणेतीन झालते. बाहेर व्हरांड्यात पोरींचा कालवा सुरू झालता.

परीक्षा परळीला गेली तर आम्ही जाऊ एसटीला लोंबकळत. पण त्या पोरींना परळीला कोण नेतंय? लॅब गेली की वर्ग त्याच दिवशी गेला. अन् तकरार तरी कुणाकडं करणार? वर्ग होता असं कॉलेजच्या कागदावर कुठं लिहिलेलंच नाही.

मामांनी मदतीला आम्हाला घेतलं, मला अन् आम्रपालीला. आम्रपाली माझी मैत्रीण, वर्गात पहिली, अन् कीबोर्डला बोट लावायच्या आधी स्क्रीन पूर्ण वाचणारी बाई. मी तसली नाही. मामा मला पहिल्याच दिवशी म्हणले, "तू लई जोरात टाइप करतीस. उलीक हळू."

मंगळवारी सुरुवात केली. ज्यांना लिनक्स माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. तिथं प्रत्येक गोष्ट म्हणजे एक पॅकेज, अन् कुठलंच पॅकेज एकटं राहत नाही. ह्याला ते लागतं, त्याला तिसरं लागतं, तिसऱ्याला चौथं लागतं अन् तेही अमक्याच आवृत्तीचं. एकाचं बिनसलं की सगळे अडतात. आम्ही अपग्रेडची आज्ञा दिली अन् स्क्रीनवर भांडण सुरू झालं. अमक्याला तमकं पाहिजे, पण ते बसणार नाही. तमक्याला फलाणं पाहिजे, पण ते बसणार नाही. खाली खाली चाललंच होतं. आम्रपालीनं ओळी मोजल्या, बावन्न.

ती मोजत होती तवर मी मशीन नंबर चारवर बसले. नेटवर कुणीतरी एक आज्ञा दिलती, जबरदस्तीनं अपग्रेड करणारी. ती टाकली. कॉम्प्युटरनं विचारलं, एवढं सगळं काढावं लागेल, नक्की का? अन् नुसतं 'हो' चालत नाही, अख्खं वाक्य टाइप करून द्यायचं, की होय, मी सांगते तसं कर. आमच्या घरात मला असं आजपर्यंत कुणी विचारलेलं नाही. मी चार सेकंदात वाक्य टाइप केलं.

काळा पडदा. वर कोपऱ्यात एक पांढरी रेघ लुकलुकतीय.

मामा मागं येऊन उभे राहिले. "काय केलंस गं?"

"अपग्रेड."

"खिडक्या कुठं गेल्या?"

"गेल्या."

"माऊस?"

"तोबी."

आम्रपाली म्हणली, "मामा, काय काय काढणार त्याची यादी आलती. चारशे बारा नावं."

"वाचली का?"

"लई लांब होती, मामा," मी म्हणले.

मामा स्टुलावर बसले. "चारशे माणसं टोळीतून खाली उतरवलीस, माय, अन् म्हणतीस यादी लांब व्हती."

मी बाहेर नळावर जाऊन रडले. सोळातलं एक तर मीच मारलं होतं, अन् पंधरा चालणार नव्हते. परत आले तर मामांनी मला ओरडायचं सोडून जुन्या प्रश्नपत्रिकांचा गठ्ठा पुढं ठेवला, पाठकोरा. म्हणले, "रडणं झालं का? मग बस. यादी करू."

अन् मग त्यांनी आम्हाला टोळी कशी भरायची ते सांगितलं. आमच्याकडं कोयता म्हणजे हत्यार तर आहेच, पण नवरा-बायकोच्या जोडीलाही कोयताच म्हणतात. एक आजारी पडलं की दुसऱ्याला कुणी घेत नाही. अन् प्रत्येक कोयत्याच्या मागं साडू, भावजय, मेव्हणा. मामा सांगत होते, "एका साली तेलगावच्या फाट्यावर ट्रक हुबा. बोचकी भरलेली. अन् एकबी माणूस चढंना. सगळे वरडतेत. मुकादम शिव्या देतोय. मी वही घेतली अन् एकेकाला इचारत गेलो, तू कुणामुळं थांबलास? तो म्हणला, साडू चढला की चढतो. साडू म्हणला, थोरल्याचा कोयता आला की. थोरला म्हणला, बायको म्हणती आत्याबाई आल्याबिगर न्हाई. अन् आत्याबाई कुठं? मागं दगडावर बसलेली, गप. तोंडातून शब्द न्हाई. तिची शेळी व्यायला टेकल्ती."

"मग?" आम्रपालीनं विचारलं.

"मग काय, शेळी ट्रकात. पाथर्डीच्या अलीकडं दोन करडं झाली." मामांनी पेन उघडलं. "वरडणारे सगळे अडकलेले असतेत. ज्याच्यामुळं अडलंय ते वरडतबी न्हाई. आता त्या बावन्न जणांना एकेक करून इचारा, कुणामुळं."

बुधवारी सकाळी आम्ही तेच केलं. आम्रपाली स्क्रीनवरचं वाचायची, मामा पाठकोऱ्या कागदावर लिहायचे, मी बाण काढायचे. परीक्षेचं सॉफ्टवेअर कुणामुळं थांबलंय? खिडक्या उघडणाऱ्या पॅकेजमुळं. ते कुणामुळं? चित्रं दाखवणाऱ्यामुळं. ते? अक्षरं उमटवणाऱ्यामुळं. बावन्न नावांचे बाण फिरत फिरत एकाच जागी यायला लागले. एक बारकं, जुनं पॅकेज. ह्याचं नाव त्या बावन्न ओळींत कुठं वरही नव्हतं, खालीही नव्हतं. सगळ्यांच्या मागं बसलेलं.

"हे काय म्हणतंय?" मामांनी विचारलं.

"हे काहीच म्हणत न्हाई," आम्रपाली म्हणली. "ह्याची नवी आवृत्ती आलीय. नवी बसायची तर हे उठलं पाहिजे. अन् हे उठत न्हाई."

"कावून?"

"बांधून ठेवलंय. कुणीतरी मुद्दाम अडवून ठेवलंय की ह्याला कधीच बदलायचं न्हाई. सोळाच्या सोळा मशीनवर."

"कुणी बे असलं येड्यावानी..." मामा म्हणले, अन् थांबले.

पासवर्ड फक्त एका माणसाकडं आहे. मी पंख्याकडं बघायला लागले. आम्रपाली तिच्या नखांकडं.

मामा उठले. कपाटातलं जुनं रजिस्टर काढलं, पानं उलटत गेले. सात वर्षांपूर्वीचं एक पान, त्यांच्याच अक्षरात, खाली लाल रेघ: 'बोटं बंद पडू नये म्हणून बांधले. कुणीही सोडू नये. बं.'

आठवलं त्यांना मग. एका दिवाळीला त्यांनी सगळं अपडेट केलतं अन् 'बोटं' उघडेना. पोरी अकरा दिवस नुसत्या बंद पडद्यापुढं बसून गेल्या. तेव्हा मामांनी शोधून काढलं की 'बोटं'ला ते जुनंच पॅकेज लागतं, त्याच आवृत्तीचं. परत जुनं घातलं, अन् गाठ मारून टाकली. वर्ग चालू राहिला अन् गाठ डोक्यातून गेली.

म्हणजे आता असं होतं. गाठ ठेवली तर अपग्रेड नाही, अपग्रेड नाही तर लॅब नाही, लॅब नाही तर वर्ग नाही. अन् गाठ सोडली तर 'बोटं' जाणार, ज्याच्यासाठी पोरी येतात.

"अंगदला फोन लावा," मी म्हणले. "त्यानं नव्या सिस्टीमसाठी बदलून दिलं की झालं."

मामांनी त्यांच्या फोनवरून आठ वेळा लावला. अंगद पुण्यात मोठ्या नोकरीला आहे, उचलला नाही. आम्रपालीच्या नंबरवरून लावला तर पहिल्या रिंगला उचलला.

"हॅलो, कोण?"

"अंगद्या, मी बंकट."

"मामा! अहो मी मीटिंगमध्ये होतो."

"बरं. तुझं ते 'बोटं' नव्या सिस्टीमवर बसवायचंय. मूळ कोड पाहिजे."

"कसलं बोटं? ते? मामा, तुम्ही अजून चालवता ते? ते मी मार्कांसाठी केलतं हो. कोड त्या जुन्या लॅपटॉपमध्ये होता, तो कवाच विकला. फेकून द्या मामा ते, नेटवर त्याच्यापेक्षा भारी फुकट मिळतंय."

माझा जीव असा जळला की मी फोन ओढून घेणार होते. मामा शांतपणे म्हणले, "बरं. जेवलास का?" तो हो म्हणला. मामांनी फोन ठेवला.

आम्रपालीनं अजून एक करून बघितलं. नव्या सिस्टीमच्या पोटात जुनी सिस्टीम बसवायची अन् तिच्यात 'बोटं' चालवायचं. मशीन नंबर नऊ एवढं घरघरायला लागलं की पंख्यावरची धूळ उडाली. मामांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला. "सोड त्याला. मरंल."

तीन वाजता पोरी आल्या. मामांनी त्यांना उभ्यानंच सांगितलं, उद्यापासून 'बोटं' नाही. कुणावर ढकललं नाही, समितीवर नाही, अंगदवर नाही. एका पोरीनं विचारलं, "मग आमी काय टाइप करायचं?" मामा म्हणले, "बघू." एवढंच.

पोरी गेल्यावर आम्रपाली म्हणली, "मामा, इथून एका आज्ञेत सोळाही सोडता येतेत."

"न्हाई. म्या बांधल्यात, म्याच सोडतो."

अन् एका मशीनवरून दुसऱ्या मशीनवर स्टूल घेऊन जात त्यांनी सोडल्या. मामांना सगळं येतं, पण टाइप दोनच बोटांनी करतात. दुसऱ्यांच्या पोरींना दहा बोटं शिकवणारा माणूस. सोळा मशीनला तासभर लागला. मी हात मागं बांधून उभी होते, कारण मोकळे असते तर मीच केलं असतं.

गाठ सुटली अन् गुरुवारी सगळे बावन्न गुमान चढले. आमचं नेट सुतळीएवढं, म्हणून सगळं सामान एकदाच नंबर एकवर उतरवलं अन् बाकीच्या पंधरांनी तिथून घेतलं. नंबर चारलाही त्या काळ्या पडद्यावरूनच आम्रपालीनं एकेक करून माणसं परत बसवली. खिडक्या आल्या, माऊस आला. मी त्या माऊसला नमस्कार केला, खरंच केला.

शुक्रवारी समिती आली. तिघं होते, वीस मिनिटं फिरले, सोळा बटणं दाबली, सोळा चालले, सही केली. एक साहेब म्हणले, "छान आहे. कुठल्या कंपनीला काम दिलं होतं?" सोमवारपासून न दिसलेले बद्रीनाथ सर पुढं झाले, "आमच्या विभागानं नियोजनबद्ध..." मामा मध्येच म्हणले, "चहा निवतोय."

लॅब राहिली. सिमेंट दुसरीकडं गेलं. इथं संपलं असतं तर मी हे लिहिलंच नसतं.

सोमवारपासून तीन वाजता पोरी नव्या टायपिंग प्रोग्रामवर बसल्या, अंगद म्हणला तो, भारी अन् फुकट. रंगीत आहे, टाळ्या वाजवतो. पहिला धडा कमळ. पहिल्या आठवड्यात एकतीसच्या वीस झाल्या. अकरा जणी यायच्या बंद. मामांनी एकीच्या आजीला रस्त्यात विचारलं तर म्हातारी म्हणली, "ती म्हणती तिथं आता माझं कायबी न्हाई."

काल मी प्रॅक्टिकलची वही विसरले म्हणून दुपारी लॅबात गेले. मामा नंबर सातवर बसलेले, डबा बाजूला तसाच बांधलेला. साध्या फायलीत टाइप करत होते, दोन बोटांनी, अक्षर शोधत. मी मागून वाचलं. एका पोरीचं नाव. मग नावातली अक्षरं उलटसुलट करून शब्द. मग तिचं गाव. तिच्या आईचं नाव. आईबाप ह्या साली कुठल्या कारखान्यावर आहेत त्याचं नाव. मग ह्या सगळ्याची चार बारकी वाक्यं. 'बोटं' जे एका क्षणात करायचं ते हा माणूस प्रत्येक पोरीसाठी हातानं करत होता. मामांच्या स्वतःच्या रजिस्टरात सगळ्यांची नावं आहेतच. ज्या अकरा जणी येत नाहीत त्यांचे धडे त्यांनी आधी घेतलते, त्यांच्या घरी जाऊन विचारून. नऊ झालते.

"द्या इकडं, मी करते," मी म्हणले.

"न्हाई. तू चार सेकंदात करशील."

"मग बरंच की."

"बरं न्हाई. आधी पोरीला नीट इचारायचं असतं. तिची आई तिला कोणत्या नावानं हाक मारती ते रजिस्टरात नसतं." मग त्यांनी शेजारचं स्टूल पायानं माझ्याकडं ढकललं. "बस. पण हळू."

तीनला पोरी आल्या, अन् त्यांना विचारत विचारत साडेचारपर्यंत मी तीन केले. फक्त तीन. एक पोरगी सांगताना मध्येच थांबली अन् मग बराच वेळ बोलली, ते इथं लिहिणार नाही. ती बोलत होती तवर मी कीबोर्डला हात लावला नाही.

आम्रपाली नवीन 'बोटं' लिहितीय. ती म्हणती दिवाळीपर्यंत होईल, अन् ती म्हणती म्हणजे होईल. पण मामांना अठ्ठावीस फेब्रुवारीला अठ्ठावन्न पुरे होतात, त्या दिवशी ते रिटायर. त्याच्यानंतर लॅबाची किल्ली कुणाकडं जाईल अन् तो माणूस तीन वाजता दार उघडील का, कुणालाच माहीत नाही. मामांचं म्हणणं, एकतीस धडे मशीनमध्ये भरलेले असले, पोरी परत आलेल्या असल्या, वर्ग भरलेला असला, तर नव्या माणसाला दार बंद करायला जड जाईल. बारा झालेत. एकोणीस राहिलेत, अन् प्रत्येकीला एकच धडा पुरत नाही.

म्हणून हे वाचणाऱ्या जुन्या-नव्या सगळ्यांना सांगते, विशेषतः ज्यांनी ह्या लॅबात परीक्षा पास केल्या अन् नंतर मामांचा फोन उचलला नाही त्यांना. मराठी टाइप येत असेल तर एक दिवस जा. सिरसाळ्याहून तेलगावच्या एसटीत बसा, कॉलेजच्या फाट्यावर उतरा, तीनच्या आत पोहोचा. सत्कार-बित्कार करू नका, हार आणला तर मामा तो नंबर अकराच्या कॅबिनेटला घालतील. तुमची गरज न्हाई म्हणतील. स्टूल ओढून बसा अन् शेजारच्या पोरीला तिचं नाव विचारा. अठ्ठावीसच्या आधी जा. शनिवारीही वर्ग असतो.